रिकामी टाकी चालू ठेवताना

मासे मेल्यानंतर खाऱ्या पाण्याची टाकी बंद करू नये. पंप चालू ठेवावा, पाण्याचे तापमान पूर्वीसारखेच राखावे, दिवा नेहमीच्या वेळी लावावा. टाकीत मासा तेवढा नको. परतवाड्याला भाच्याच्या बैठकीत अशी एक टाकी सध्या चालू आहे आणि येणारा प्रत्येक जण तिच्यात वाकून बघतो. भाच्यानेही सुरुवातीलाच विचारले होते, "मामाजी, मासाच नाही राह्यला तं लाइटबिल कायले भरू मी?" प्रश्न रास्त आहे. त्याला जे तोंडी सांगितले ते इथे जरा सविस्तर टिपून ठेवतो. अचलपूर-परतवाड्यात किंवा अमरावती-अकोल्यात ज्यांच्यावर अशी वेळ येईल, त्यांच्या कामी यावे.

*

झाले ते असे. दोन निमो आणि काही डॅमसेल असलेल्या टाकीत एक निळा सर्जन मासा आला; मुले त्याला डोरी म्हणतात. दुकानातून आणला आणि थेट टाकीत सोडला. थोड्याच दिवसांत त्याच्या परांवर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. मग ठिपके आपोआप नाहीसे झाले आणि घरातल्या सगळ्यांच्या जिवात जीव आला. त्यानंतर ते परत आले, ते मात्र सगळ्यांच्या अंगावर. मासे दगडांना अंग घासू लागले, कल्ले भराभर हलू लागले, खाणे सुटले. डोरी आधी गेला, मागोमाग डॅमसेल. निमो दोघेही वाचले.

"पाणी तं आरशावानी होतं ना," घरातले म्हणत होते. होतेच. या रोगाला पाणी घाण असावे लागत नाही. तो नव्या माशाच्या अंगावर बसून येतो.

*

ठिपके का नाहीसे झाले, हे ज्याला कळले त्याला अर्धा रोग कळला.

हा जीव एका पेशीचा. नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. १९५१ मध्ये ब्राउन या संशोधक बाईंनी ते दिले. साधारण ३ ते ७ दिवस तो माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली शिरून तिथेच खातो, वाढतो. आपल्याला दिसतो तो पांढरा ठिपका हा. पोट भरले की तो मासा सोडतो, तळाशी जातो आणि दगडाला, वाळूला, काचेला चिकटून स्वतःभोवती कोश बांधतो. ठिपके जातात ते या वेळी. कोशात तो विभागत राहतो आणि एका कोशातून दोनशेच्या आसपास पिल्ले बाहेर पडू शकतात. ती पोहत मासा शोधतात. दीड-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात.

म्हणजे मासा बरा झाला असे वाटते, नेमक्या त्याच वेळी तळाशी पुढची फौज तयार होत असते. औषध कातडीखाली पोचत नाही, कोशातही शिरत नाही. पिल्लू उघड्या पाण्यात असते तेवढाच काळ ते औषधाच्या हाती लागते.

खऱ्या समुद्रात हा जीव माशांना सहसा एवढा जड जात नाही. तिथे कोश फुटेपर्यंत मासा कुठल्या कुठे गेलेला असतो, आणि बहुतेक पिल्ले उपाशीच मरतात. दोनशे लिटरच्या काचेत मात्र प्रत्येक पिल्लाला वीतभर अंतरावर मासा मिळतो. रोगाची ताकद समुद्रात होती तेवढीच आहे, फक्त मासा त्याच्यापासून लांब जाऊ शकत नाही. बंदिस्त जागा आपण बनवली, तेव्हा जबाबदारीही आपलीच.

*

रिकामी टाकी हे औषध आहे, ते यामुळेच. मासा नाही, तर पिल्लांना खायला नाही.

किती दिवस? बहुतेक कोश ३ ते २८ दिवसांत फुटतात. पण प्रयोगशाळेत ७२ दिवसांनी फुटलेला कोशही नोंदला गेला आहे. गरम पाण्यात हे चक्र भराभर फिरते म्हणून कोणी सहा आठवडे पुरे म्हणतात. मी अडीच महिन्यांच्या बाजूचा आहे. पुन्हा एकदा मासे काढून कडुनिंबाखाली पुरण्यापेक्षा महिनाभराचे जास्तीचे बिल परवडले.

अट एकच, आणि ती कडक. टाकीत एकही मासा राहता कामा नये. "हा तं एकदम चांगला हाये, याले राहू द्या" असे ज्याच्याबद्दल वाटते, तोच मासा धोक्याचा. वाचलेल्या माशाला रोगाची थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते. ठिपका दिसत नाही, पण एखाद-दुसरा जीव कल्ल्यात टिकून राहतो आणि सारे वाट पाहणे वाया जाते. म्हणून दोन्ही निमो वेगळ्या टाकीत हलवले. कोळंबी, शंखातला खेकडा, गोगलगायी मूळ टाकीत राहिल्या तरी चालतात. हा रोग त्यांच्या अंगात वाढत नाही. फक्त कोश त्यांच्या शंखाला चिकटलेला असू शकतो, म्हणून या काळात त्यांना इकडून तिकडे न्यायचे नाही. जाळी, बादल्या, नळ्याही दोन्ही टाक्यांच्या वेगळ्या.

*

मखमली रोग म्हणून दुसरा एक आहे, अमायलूडिनियमचा. त्यात अंगावर सोनेरी-करडी धूळ बसल्यासारखी दिसते आणि मासे दोन-तीन दिवसांत जातात, कधी धूळ दिसण्याच्या आधीच. रिकाम्या टाकीचा उपाय त्यालाही लागू पडतो. पाण्याचा खारेपणा निम्म्यावर आणण्याचा उपाय मात्र पांढऱ्या ठिपक्यांना चालतो, मखमलीला नाही. कोणता रोग होता हे ठाऊक नसेल तर खारेपणाच्या उपायाच्या भरवशावर राहू नये.

*

वेगळ्या टाकीतल्या निमोंना तांबे दिले. आमच्याकडच्या माणसाला हे औषध समजावून सांगावे लागत नाही. अचलपूर, चांदूर बाजार, मोर्शी, वरुड या पट्ट्यात संत्र्याच्या बागा आहेत, आणि संत्र्याच्या खोडाला डिंक्यासाठी मोरचूद-चुन्याचे बोर्डो लावणे प्रत्येक बागवानाला ठाऊक. भाच्याने लगेच म्हटले, "मंग वावरातला मोरचूद आणू का?"

हिशेब करून बघावा. एक टक्क्याच्या बोर्डोला १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद लागतो. माशाच्या १०० लिटर पाण्यात तांबे हवे लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. मोरचुदात तांबे साधारण चौथा हिस्सा, म्हणजे मोरचूद फार तर ८० मिलिग्रॅम. बागेच्या मात्रेच्या साडेबारा हजारावा भाग. एवढे वजन किराणा दुकानातल्या काट्यावर होत नाही, सोनाराच्या काट्यावरही जपून करावे लागते. जरा कमी पडले तर जीव मरत नाही, जरा जास्त झाले तर मासा मरतो. म्हणून शेतीचा मोरचूद वापरू नये. माशांसाठी बनवलेले द्रावण घ्यावे आणि तांबे मोजायचा संच सोबतच घ्यावा. बाजारात बांधीव (चिलेटेड) तांब्याची औषधेही मिळतात. त्यांची मात्रा याच्या कितीतरी पट जास्त असते, म्हणून बाटलीवर लिहिलेलीच मात्रा धरावी. दोन औषधांचे आकडे एकमेकांत मिसळू नयेत.

मूळ टाकीत तांबे कधीही टाकू नये. चुनखडीचे दगड ते शोषून घेतात, आणि कोळंबी-गोगलगायींना ते जहरच.

*

आता पाणी.

सापन आणि बिच्छनचे पाणी शेवटी पूर्णेत जाते, पूर्णा तापीला मिळते, तापी सुरतेपाशी समुद्रात. अचलपूरचा समुद्राशी असलेला संबंध एवढाच. इथे समुद्र बादलीत बनवावा लागतो.

"आपल्याकडे खारं पाणी काय कमी हाये?" असे एका शेजाऱ्याने सुचवले. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हाऱ्याकडे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा. तिथल्या विहिरींचे पाणी तोंडात धरवत नाही, पिकाला सोसत नाही. शहानूर धरणाचे पाणी नळाने येण्याची वाट त्यांतल्या बऱ्याच गावांनी वर्षानुवर्षे पाहिली. पण ते पाणी आणि समुद्राचे पाणी यांत फरक फार मोठा. चॅलेंजर या संशोधन जहाजाने जगभरच्या समुद्रांतून आणलेले ७७ नमुने रसायनशास्त्रज्ञ डिटमार यांनी तपासले आणि १८८४ मध्ये मांडले. पाणी कुठलेही असो, क्षारांचे आपसातले प्रमाण जवळपास तेच : क्लोराइड ५५ टक्के, सोडियम ३० टक्क्यांच्या वर, सल्फेट ८ च्या जवळ, मॅग्नेशियम ४ च्या जवळ, कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी एक टक्क्याहून थोडे जास्त. समुद्रातल्या माशाचे शरीर त्या प्रमाणावर घडलेले आहे. खारपाणात मात्र या विहिरीचे प्रमाण एक, पलीकडच्या विहिरीचे दुसरे. खोली बदलली की तेही बदलते. लोणारचे पाणी तर वर्षानुवर्षे इतके अल्कधर्मी होते, सामू १० च्या आसपास, की त्यात मासाच जगत नसे.

खडे मीठही चालत नाही, ते समुद्राचेच असूनसुद्धा. मिठागरात पाणी आटते तेव्हा आधी चुना खाली बसतो, मग जिप्सम, त्यानंतर मीठ. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम बरेचसे उरलेल्या कडू पाण्यात राहतात आणि ते पाणी सोडून दिले जाते. आपल्या हाती येते ते समुद्रातून बाकीचे सारे वगळून उरलेले मीठ. १८५४ मध्ये फिलिप गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकाने लंडनला कृत्रिम समुद्रजल बनवले, तेव्हाही त्याला साध्या मिठासोबत मॅग्नेशियमचे दोन क्षार आणि एक पोटॅशियमचा घालावा लागला होता. आज तयार मिश्रण पिशवीत मिळते. लिटरला ३५ ग्रॅम हा मूळ हिशेब, पण मिश्रणात ओल असते, म्हणून १०० लिटरला साडेतीन किलोपेक्षा थोडे जास्तच लागते. पाणी आर.ओ.चे घ्यावे, बोअरचे नको. एक रात्र पंपाने ढवळू द्यावे आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५ आले की मगच वापरावे.

*

उन्हाळ्यात टाकीचे पाणी कमी झाले की त्यात गोडे पाणी भरायचे, खारे नाही. उडते ते पाणी. मीठ मागे राहते.

*

रिकाम्या टाकीत दिसत नसले तरी खूप काही जिवंत असते. दगडांच्या छिद्रांत जिवाणूंच्या दोन फळ्या बसलेल्या असतात. पहिली माशाच्या उत्सर्गातून येणाऱ्या अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी त्याचे नायट्रेट. त्यांच्याशिवाय मासा स्वतःच्याच उत्सर्गाने मरतो. नवी टाकी लावली की ही वसाहत तयार व्हायला महिना-सव्वा महिना जातो. टाकी बंद करून सुकवली की तीही गेली. मासा नसताना तिला उपाशी ठेवायचे नाही. अधूनमधून चिमूटभर मासेखाद्य टाकावे, ते कुजून अमोनिया देते. कल्हईवाले नवसागर वापरतात, तो म्हणजे अमोनियम क्लोराइडच. शुद्ध रूपात तो अगदी थोडा दिला तरी चालतो. बाजारातला कल्हईचा नको. अडीच महिन्यांनंतर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले पाहिजेत, आणि थोडा अमोनिया टाकला तर दिवसाभरात तो पुन्हा शून्यावर आला पाहिजे. तोपर्यंत मासा आणायचा नाही.

*

वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात टाकी कशी टिकेल, ही शंका सगळे घेतात. पारा ४५ च्या वर जातो, टाकीला हवे २५ ते २७. शिवाय खाऱ्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी मावतो. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅम, समुद्राच्या पाण्यात पावणेसात. तापमान चढले की आणखी कमी, आणि रोगाने कल्ले खराब झालेल्या माशाला तो सर्वांत आधी कमी पडतो.

पण आपल्या कोरड्या हवेचा एक फायदा आहे. मुंबईत दमट हवेमुळे पाणी पुरेसे उडत नाही, म्हणून तिथे महागडे चिलर घेतात. इथे पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला की तापमान दोन-तीन अंश सहज उतरते. ज्या कारणाने वऱ्हाडात कुलर चालतो, त्याच कारणाने. कुलरसमोर मात्र टाकी ठेवू नये. त्याची हवा ओली, तिने पाणी उडत नाही. पावसाळ्यात पंख्याचा गुण उतरतो हेही लक्षात असू द्यावे. कडाक्याच्या मेमध्ये पंखा एकट्याने पुरत नाही, खोलीच थंड ठेवावी लागते.

आणि भारनियमन. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असलाच पाहिजे. तो नसेल तर मग्याने पाणी उचलून उंचावरून त्याच टाकीत ओतत राहावे. १८४६ मध्ये ॲना थिन या बाईंनी टॉर्कीहून लंडनला प्रवाळ आणले, तेव्हा घरातली मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे. त्यावर ते प्रवाळ जगले. वीज नसलेल्या काळात समुद्राचे प्राणी शहरात जगवण्याचे काम एका मोलकरणीच्या हातांनी केले, आणि तिचे नाव मला कुठे वाचायला मिळाले नाही.

*

आमच्या पिढीने समुद्राचे मासे पहिल्यांदा पाहिले ते मुंबईला, मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते ते सुरू झाले. आठ लाखांच्या खर्चातले दोन लाख तारापोरवालांनी दिले होते. दाराशीच समुद्र. तरीही दुरुस्तीसाठी ते २०१३ मध्ये बंद झाले ते २०१५ मध्ये उघडले. समुद्रकाठच्या संस्थेला टाक्या नव्याने उभ्या करायला एवढा वेळ लागू शकतो, तर परतवाड्याच्या बैठकीतल्या टाकीला अडीच महिने जास्त नाहीत, असे मी भाच्याला म्हणालो. त्याला ते पटले असावे. त्यानंतर बिलाचा विषय निघाला नाही.

*

हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नये. मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जिवाणू माशांत असतो. १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांत तो सापडला. माणसाच्या जखमेत शिरला तर गाठी उठतात आणि महिनोन्महिने औषध घ्यावे लागते. वावरात काम करणाऱ्याच्या हाताला चिरा असतातच. हातमोजे घालावेत, आणि गाठ उठली तर घरात माशांची टाकी आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

मासे बारीक होत, अंगावर व्रण पडत मेले असतील तर हाच जिवाणू असू शकतो, आणि मग नुसती रिकामी टाकी पुरत नाही. तेव्हा मात्र सगळे उपसून, ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून नव्याने सुरुवात करावी. ऊन आपल्याकडे भरपूर आहे.

*

टाकी सजवायला कोणी जिवंत प्रवाळ, समुद्री घोडा किंवा समुद्रपंखा विकायला आला तर घेऊ नये. २००१ पासून हे सारे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. मेळघाटच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. सिरॅमिकचे दगड मिळतात, त्यांत जिवाणू तितकेच चांगले बसतात.

*

नवा मासा मुंबईहून येतो, प्राणवायू भरलेल्या पिशवीत, थर्माकोलच्या खोक्यात, रात्रभराचा प्रवास करून बडनेऱ्याला. पिशवीत माशाच्या श्वासाने कर्बवायू साठतो, पाण्याचा सामू उतरतो, आणि त्यामुळे साठलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की कर्बवायू उडतो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून लांबून आलेल्या पिशवीत थेंब थेंब पाणी सोडत मासा तासभर बसवण्याची रीत इथे घातक. पिशवीच्या पाण्याचा खारेपणा आधी विचारून घ्यावा, वेगळ्या टाकीचे पाणी तेवढेच ठेवावे, पिशवी बंद ठेवूनच तापमान जुळवावे, आणि उघडल्याबरोबर मासा उचलून सोडावा. पिशवीचे पाणी टाकीत ओतू नये.

ही वेगळी टाकी म्हणजे साधी काच : तळाला वाळू नाही, दगड नाही, लपायला प्लॅस्टिकच्या पाइपचे दोन तुकडे, आधीच मुरवलेला एक स्पंज फिल्टर. नवा मासा महिनाभर तिथे राहील, खायला लागेल, ठिपका दिसला तर तिथेच उपचार होतील. दुकानदार "एकदम हेल्दी पीस आहे" म्हणाला तरी.

*

यापुढे या टाकीत समुद्रातून पकडलेला मासा आणायचा नाही, असे आम्ही ठरवले आहे. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडण्याची रीत पडली. त्यात प्रवाळ मरतो आणि पकडलेला मासाही पुढे फार टिकत नाही. निमो तर समुद्रातून पकडण्याची गरजच उरलेली नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्राने त्याची पैदास साधली, आणि आपल्या राज्यात मँग्रोव्ह फाउंडेशनने ऐरोलीला शोभिवंत सागरी माशांचे बीजोत्पादन केंद्र उभारले. टाकीत जन्मलेला निमो तयार खाद्य खातो, काचेला बुजत नाही, आणि नीट सांभाळला तर वीस वर्षेही जगतो. डोरीची बंदिस्त पैदास २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाने पहिल्यांदा केली, पण तसा मासा आपल्या बाजारात सहज मिळत नाही. तेव्हा डोरी नको. त्याला पांढरे ठिपके लवकर धरतात, आणि तो वाढून जवळजवळ फूटभर होतो. बैठकीतली टाकी त्याला पुरत नाही.

*

तुमच्या घरी वेगळी टाकी वापरून रिकामी पडली असेल तर ती माळ्यावर टाकू नका. गावात कोणी पहिल्यांदा खाऱ्या पाण्याची टाकी लावत असेल तर महिन्याभरासाठी त्याला द्या. देण्याआधी ब्लीचिंगच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा. स्पंज फिल्टर मात्र तुमचा देऊ नका. त्याला नवाच घ्यायला सांगा.